वणव्याच्या धुराने घर काळवंडलं, विम्यासाठी पुरावा काय आणि कसा ठेवायचा?

टेकडीपायथा (शनिवार, सकाळी ७:५०)
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण घाईचा आहे.

आमची सोसायटी बाणेर-पाषाणच्या टेकडीला अगदी खेटून आहे. पाचवा मजला, दोन्ही बेडरूम टेकडीकडे. परवा गुरुवारी संध्याकाळी टेकडीवरचं वाळलं गवत पेटलं. तसं ते दर उन्हाळ्यात पेटतं. पण या खेपेला वारा आमच्याकडे होता आणि आम्ही नेमके लग्नासाठी साताऱ्याला, खिडक्या सताड उघड्या टाकून. काल रात्री कुलूप काढलं तर घरात पाणी तापवायच्या बंबासारखा धुराचा वास. बाल्कनीत राखेचे पापुद्रे, पडदे करडे. बायकोने गादीवर हात टेकला आणि उचलला, तर चादरीवर पाची बोटं उमटलेली.

गृहकर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. रात्रीच फोन करून नोंद केली, सोमवारी नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर येणार आहे. पण घरात आग लागलेलीच नाही, एक काडी जळालेली नाही. नुसत्या धुराचे पैसे देतात का? आणि दाखवायचं काय? वासाचा फोटो कसा काढू?

सुशीला_कोथरूड
वाचतेय. आम्ही वेताळ टेकडीच्या या अंगाला, त्यामुळे आज ना उद्या उपयोगी पडेल.

नाना_पेठकर
ओलं फडकं, अर्धा दिवस, विषय संपला. आमच्या लहानपणी वाड्यात चुली होत्या, भिंती काळ्याच असायच्या. विमा कोणाकडे मागितला नाही.

निवृत्त_क्लेमवाला
नाना, तुमचं ओलं फडकं हाच या धाग्यातला खलनायक आहे. सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं सर्व्हेअर होतो. आधी मूळ प्रश्न. 'भारत गृह रक्षा' ही १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागणारी प्रमाणित पॉलिसी आहे, कंपनी कुठलीही असो, मजकूर तोच. त्यात घराला लागलेली आग वेगळी आणि 'बुश फायर, फॉरेस्ट फायर, जंगल फायर' हे वेगळं कलम. म्हणजे आग तुमच्या उंबऱ्याच्या आत आली पाहिजे असं नाही. त्या आगीमुळे तुमच्या मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालं, एवढं दाखवता आलं पाहिजे.

कंपनी एका ठिकाणी अडवू शकते. पॉलिसीत प्रदूषणामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. कोणीतरी "धूर म्हणजे प्रदूषण" म्हणून हात वर करेल. ते वाक्य पूर्ण वाचायला सांगा. प्रदूषण जर विमा असलेल्या घटनेतूनच झालेलं असेल तर ते वगळलेलं नाही, असा अपवाद त्याच वाक्यात पुढे आहे.

दुसरं, शेड्यूल, म्हणजे कशाकशाचा विमा आहे ते लिहिलेला पॉलिसीचा तक्ता, काढून बघा. बँकेच्या पॉलिसीत पुष्कळदा फक्त इमारत असते, म्हणजे भिंती, रंग, खिडक्या. सामानही घेतलेलं असेल तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, यादी न देताही धरतात. दागिने, चित्रं वगैरे मौल्यवान वस्तू वेगळ्या घ्याव्या लागतात.

आता पुरावा. सोमवारपर्यंत काहीही पुसू नका. झोपायला एक खोली लागेल, ती आधी फोटो काढून मग साफ करा. प्रत्येक खोलीचा दारात उभं राहून एक फोटो, मग चारही भिंती, मग जवळून. फोनमधली तारीख-वेळ चालू ठेवा आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून ती माहिती निघून जाते. खिडकीची स्लायडिंगची खाच, पंख्याची पाती, कपाटाचा माथा, एसीचा फिल्टर. कोरड्या पांढऱ्या सुती फडक्याने प्रत्येक ठिकाणी वीतभर पुसा, प्रत्येक जागेला नवीन फडकं, कागदी पाकिटात घालून वर जागा आणि वेळ लिहा. भिंतीवरची एखादी फ्रेम उतरवून मागचा चौकोन आणि बाजूची भिंत एकाच फोटोत घ्या.

ओलं फडकं का नको, तर काजळी तेलकट असते. पाणी लागलं की ती रंगात मुरते आणि मग भिंत रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही. वर सर्व्हेअर म्हणतो, हे डाग तुम्ही पुसून पाडलेत.

टेकडीपायथा
दंडवत घ्या! शेड्यूल बघितलं, इमारत आणि सामान दोन्ही आहे. कामाला लागतो.

खडूस_ऑडिटर
मी उलट बाजूने विचारतो, कारण सर्व्हेअरही हेच विचारेल. बाणेरला चहूकडे बांधकामं आहेत. दोन दिवस खिडकी उघडी टाकली तर माझ्याही घरात फरशीवर नाव लिहिता येतं. ही वणव्याची काजळी आणि ती पुण्याची नेहमीची धूळ, फरक काय? शिवाय घरात उदबत्ती, तळण, डासांची कॉइल असतंच.

वनस्पतीबाई
फरक दिसतो हो! पारदर्शक चिकटपट्टी काजळीवर दाबा आणि काचपट्टीवर चिकटवा. कुठल्याही कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल. जळक्या गवताचे कण लांबट, काडीसारखे असतात आणि त्यांच्यावर पेशींच्या रांगा चक्क ओळखू येतात, जळाल्यावरही साचा टिकतो. सिमेंट-वाळूची धूळ खड्यासारखी दिसते. गाड्यांची काजळी इतकी बारीक की सुटे कण दिसतच नाहीत, नुसते काळे पुंजके. उदबत्तीचंही साधारण तसंच.

घरच्या घरी करायचं तर चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा. धूळ खरखरते. हे काळं, गुळगुळीत पसरतं.

नाना_पेठकर
आता क्लेमसाठी बीएस्सी करायचं का?

वनस्पतीबाई
नाना, दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश देते. 🙂

नकाशेबहाद्दर
आग लागली होती याचा बाहेरचा पुरावा कोणी सांगितला नाही. नासाचं 'फर्म्स' म्हणून संकेतस्थळ आहे, फुकट. उपग्रहांना जिथे उष्णता दिसली तिथे ठिपका असतो, तारीख-वेळेसकट, आणि जुन्या तारखाही बघता येतात. त्यातल्या 'व्हीआयआयआरएस' उपकरणाचा ठिपका साधारण ३७५ मीटरचा. फक्त हे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास जातात. संध्याकाळी पेटून दहाला विझलेली आग त्यांच्या नजरेतून सुटेल. तेव्हा ठिपका नसला तर आग नव्हती असं नाही.

हवेचे आकडेही घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय जुनी माहिती उतरवून घेता येते. जवळच्या केंद्राचा गुरुवार रात्रीचा पीएम २.५ चा (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आलेख आणि त्याआधीच्या गुरुवारचा, असे दोन शेजारी ठेवा. पाषाणलाच आयआयटीएम ही हवामानाची संशोधन संस्था, हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या 'सफर'चं तर घरच ते.

निवृत्त_क्लेमवाला
उत्तम. पण सर्व्हेअरला उपग्रहाहून अग्निशमन दलाचा कागद जास्त कळतो. १०१ ला कोणी फोन केला असेल तर वर्दीची नोंद असणार, दाखला मागा. वन विभागाकडेही नोंद असेल, जागा त्यांची असेल तर. कोणी दाद देईना तर माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये आणि ३० दिवस. सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र आणि सीसीटीव्हीचं चित्रण आजच्या आज काढून घ्या, बऱ्याच ठिकाणी पंधरवड्यात पुसलं जातं.

अंगण_पासाडेना
कॅलिफोर्नियातून लिहिते आहे. माहेर पुणे, म्हणून हा धागा दिसल्यावर राहवेना.

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी आमच्या वरच्या अंगाला ईटन फायर सुरू झाली. आल्टाडीनात ९,००० हून जास्त इमारती गेल्या. आमचं घर उभं राहिलं. सगळे म्हणाले, नशीबवान आहात. दहा दिवसांनी आत गेलो, दारं-खिडक्या बंद होत्या तरी कटलरीच्या खणात राख. चमच्यांच्या खोलगट भागात, पिठी साखर भुरभुरावी तशी. ते दृश्य काही डोळ्यांपुढून जात नाही.

आमचा आणि तुमचा फरक असा की इथे घरं जळाली होती. जुनी घरं, १९७८ पूर्वीची, म्हणजे रंगात शिसं, कुठे अ‍ॅस्बेस्टॉस, शिवाय गाड्या आणि त्यांच्या बॅटऱ्या. त्यामुळे राखेची प्रयोगशाळेत तपासणी करणं भागच होतं. विमा कंपनीचा माणूस म्हणाला, दिसत नाही तर नुकसान कसलं? इथे ज्यांना दुसरीकडे विमा मिळत नाही त्यांच्यासाठी फेअर प्लॅन आहे, त्याची अटच तशी होती. धुराचं नुकसान नुसत्या डोळ्यांना दिसायला हवं किंवा सर्वसाधारण माणसाच्या नाकाला कळायला हवं. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने ती अट बेकायदा ठरवली.

तुमच्याकडे गवत जळलंय, तेव्हा महागड्या तपासण्यांच्या मागे लागू नका असं मला वाटतं. पण वासाची वही ठेवा. रोज सकाळी बाहेरून आत आल्या आल्या कुठल्या खोलीत किती वास, दोन ओळी. नाकाला दहा मिनिटांत सवय होते, म्हणून बाहेरून आल्यावरच. घरच्यांखेरीज एखाद्या शेजाऱ्याचीही सही घ्या.

सुशीला_कोथरूड
चमच्यांचं वाचून अंगावर काटा आला.

खडूस_ऑडिटर
"सर्वसाधारण माणसाचं नाक." पुण्यात हे ठरवायला समिती नेमावी लागेल.

डोंगरभटक्या
अवांतर होतंय, पण मुळात टेकडी पेटते कशी यावर कोणी बोलणार आहे का? फेब्रुवारी ते मे आम्ही दर शनिवार-रविवार पाण्याचे कॅन आणि निरगुडीच्या डहाळ्या घेऊन आग विझवायला असतो. आपोआप पेटलेली आग मी एकदाही बघितली नाही. पार्टी करून टाकलेलं थोटूक, कचऱ्याला लावलेली काडी, नाहीतर "जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं" हा समज. हिवाळ्याच्या शेवटी जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, नीट काढली तर आग एका पट्ट्यात अडते. दिसली की १०१, वनखात्याची जागा असेल तर १९२६. व्हिडिओ नंतर काढा.

नाना_पेठकर
याला मात्र माझं अनुमोदन. थोटूक टाकणाऱ्याकडून वसूल करा, विम्याकडून कशाला?

निवृत्त_क्लेमवाला
सापडला तर कंपनीच त्याच्याकडून वसूल करू शकते, तुम्हाला पैसे देऊन झाल्यावर. ते तिचं काम.

टेकडीपायथा (रविवार, दुपारी २:१५)
मंडळी, घात झाला.

काल फोटो काढले, पण फक्त हॉल आणि एक बेडरूम. आज सकाळी तुमचे प्रतिसाद छापून आणायला आणि सुती फडकी घ्यायला बाहेर पडलो. तेवढ्यात आईने बाईंना बोलावून अख्खं घर पुसून घेतलं. ओल्या फडक्याने. फिनाइल टाकून. वर उद आणि धूप. म्हणाली, "उद्या परका माणूस घर बघायला येणार, त्याला हे असलं दाखवणार? काय म्हणेल तो?"

पडदे मशीनमध्ये फिरतायत.

खडूस_ऑडिटर
क्षमा करा, हसू आवरत नाही.

सुशीला_कोथरूड
आईंना माझा साष्टांग नमस्कार. मीही हेच केलं असतं.

नाना_पेठकर
मातोश्रींना इकडे आयडी काढून द्या. आमच्या बाजूला एक माणूस वाढेल.

निवृत्त_क्लेमवाला
घाबरू नका. पंचवीस घरांत हेच बघितलंय, पूर असो की आग, आधी घर आवरणारच. मशीन आत्ता थांबवा, एक पडदा तसाच बाहेर काढा. मग बाईंचा हात पोचत नाही तिथे जा. माळा. कपाटांचे माथे. पडद्याच्या पेल्मेटचा वरचा भाग. ट्यूबलाइटची पट्टी. फ्रिजच्या मागची जाळी. छताच्या कोपऱ्यातली जळमटं, ती काजळी धरून काळी दोरी होतात. गादी उलटी केली असेल तर परत सुलटी करा. फडकी धुतली नसतील तर ती पिशवीत ठेवा, तोही पुरावाच. आणि उद्या सर्व्हेअरला पहिल्या वाक्यात खरं सांगा की आईने घर पुसलं. लपवलंत आणि त्याला फिनाइलचा वास आला, तर माळ्यावरच्या काजळीवरही तो विश्वास ठेवणार नाही.

वनस्पतीबाई
आणि उदाची राख बाजूला ठेवा, तुलनेसाठी. गंमत नाही करत.

टेकडीपायथा (सोमवार, रात्री १०:३०)
आला होता. दोन तास होता.

वयस्कर गृहस्थ, फार बोलत नव्हते. आईने पोहे केले होते, ते नको म्हणाले, चहा घेतला. पुसल्याचं मी दारातच सांगितलं. त्यांनी एक सुस्कारा टाकला. मग मी शिडी लावली. माळ्यावर पितळी भांड्यांचा डबा आहे, वरच्या झाकणावर बोट फिरवून त्यांनी रेघ ओढली आणि तिचा फोटो काढला. टेकडीकडच्या दोन्ही खोल्यांत जळमटं काळी, स्वयंपाकघरातली तेलकट पिवळी. हे त्यांनीच दाखवलं, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एसीची सर्व्हिसिंग फेब्रुवारीत झाली होती, पावती होती. शनिवारी रात्री एसी लावून झोपलो होतो, तो फिल्टर काढला तर शाळेतला डस्टर झटकावा तसा ढग निघाला.

पण खरी गंमत पेटीची. बायको गाणं शिकते, तिची हार्मोनियम टेकडीकडच्या खोलीत उघडीच होती. बाहेरून आईने लख्ख पुसलेली. वासाचं काय दाखवणार म्हणत होतो ना? त्यांनी विचारलं, "ही वाजते का?" बायकोने भाता ओढला आणि सा लावला. सुराबरोबर धुराचा असा भपकारा आला की गृहस्थ मागे सरकले. उद, फिनाइल सगळं बाजूला. पुन्हा वाजवायला लावली, या खेपेला वाकून नाक सुरांच्या पट्टीजवळ नेलं. वहीत काय लिहिलं ते दिसलं नाही, पण बराच वेळ लिहीत होते.

उपग्रहाचा मध्यरात्रीचा एक ठिपका मिळाला, त्याची प्रत दिली. अग्निशमन दलाच्या दाखल्यासाठी अर्ज केलाय.

अंगण_पासाडेना
पेटीने साक्ष दिली म्हणायची!

खडूस_ऑडिटर
सर्वसाधारण माणसाचं नाक सापडलं.

टेकडीपायथा (दोन महिन्यांनी)
धागा वर काढतोय, निकाल सांगायचा राहिला होता.

दोन्ही बेडरूमचा रंग मंजूर, गाद्या मंजूर (घसारा कापून), एसीची साफसफाई मंजूर. पडदे नामंजूर, कारण धुतल्यावर स्वच्छ निघाले. ते बरोबरच आहे. हॉलचा रंग नामंजूर, "पुसल्यामुळे झालेले डाग". आईला हे सांगितलेलं नाही. पेटीवर लिहून आलं की फक्त वास आहे, प्रत्यक्ष नुकसान नाही.

निवृत्त_क्लेमवाला
पेटी सोडू नका. कारागिराकडून लेखी घ्या की भाता बदलावा लागेल, खर्चाच्या अंदाजासकट. मग कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर.

नाना_पेठकर
आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. जायची वेळ आली तर सांगा, येतो बरोबर. पेटीही घेऊन या.

टेकडीपायथा
नाना! 🙏 कारागीर म्हणाला, भात्याचं कापड आणि आतला कागद दोन्ही बदलायचे. पत्र काल गेलं.

कात्रजकर_नवीन (रात्री ८:०५)
नमस्कार, आजच सदस्य झालोय. आमच्या मागचा डोंगर आत्ता पेटलाय, अर्धा किलोमीटर असेल. १०१ ला फोन झाला. खिडक्या लावल्या. विमा आहे. अजून काय करू?

डोंगरभटक्या
स्वयंपाकघर आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे बंद करा, ते आतली हवा बाहेर टाकतात आणि तिच्या जागी बाहेरचा धूर फटींतून आत येतो. स्प्लिट एसी चालेल, तो आतलीच हवा फिरवतो. दाराखाली ओला टॉवेल. घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना आत्ताच दुसरीकडे हलवा.

निवृत्त_क्लेमवाला
आणि धूर आत यायच्या आत, घर स्वच्छ आहे तोवर, प्रत्येक खोलीचे फोटो काढा. कपाटांचे माथे आणि माळासुद्धा.

टेकडीपायथा
घरात आई असेल तर तिला फडकी कुठे ठेवलीत ते विचारा, आणि लपवा.

कात्रजकर_नवीन (रात्री ८:३१)
बाबांना मावशीकडे पाठवलं. चार खोल्या झाल्या. आता माळ्यावर चढतोय.